दोन नावं नदीकाठची

“माझ्या नवऱ्यामुळे दोन माणसं गेली असं सगळे म्हणतात,” ती दारातच म्हणाली. “खोटं आहे ते. पण गुरुवारी खटला उभा राहतोय आणि आमच्याकडे दाखवायला कागदाचा कपटासुद्धा नाही.”

ताईंनी तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. भावजींनी स्वतःसाठी खुर्ची पुढे ओढली.

ताईंची बावीस वर्षं टेलिफोन केंद्रात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली आणि त्यात त्यांचं नाव झालं. भावजी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बहीण गेली, भावजींना घर खायला उठू लागलं, आणि तेव्हापासून ते ताईंच्या मागे पिशवी धरून हिंडत. त्यांची सारी नोकरी टपाल वर्गीकरणात झालेली. पत्ता वाचून पाकीट नेमक्या खणात टाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीच्या गोष्टी डोक्यात शिरायला जरा वेळ लागे, आणि हे त्यांना स्वतःला कबूल होतं.

“पहिल्यापासून सांग,” ताई म्हणाल्या.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. नवरा शहरभर इंटरनेटच्या तारा पुरवणाऱ्या कंपनीत राउटर सांभाळायचा. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावण्याचा फोन ज्या केंद्रात वाजतो, ते केंद्र या कंपनीच्या दोन जोडण्यांवर चालत होतं. एक नदीकाठच्या इमारतीतल्या राउटरवरून, दुसरी टेकडीवरच्या. एक पडली तर दुसरी राहावी म्हणून.

“पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी दहाला त्यानं नदीकाठचा राउटर बंद करून चालू केला. ठरलेलं काम होतं ते. टेकडीची जोडणी चालू राहणार म्हणून निर्धास्त होता. पण दोन्ही एकदम गेल्या. टेकडीच्या राउटरमधलं तारा जोडायचं कार्ड शुक्रवारीच जळालं होतं, आणि ती जोडणीसुद्धा तात्पुरती नदीकाठच्या राउटरवर आणून ठेवली होती. तो राउटर उठायला अडतीस मिनिटं लागली. तेवढ्यात...” तिनं पेला खाली ठेवला. “एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाळंतीण.”

“जोडणी हलवल्याचं त्याला माहीत नव्हतं?”

“शुक्रवार, शनिवार आणि सोमवार तो कंपनीच्या प्रशिक्षणाला होता, तिसऱ्याच इमारतीत. रोजच्यासारखा डबा घेऊन निघायचा, त्यामुळे घरीसुद्धा मला एकटीलाच ठाऊक. मंगळवारी कामावर आला. बंद करायच्या आधी त्यानं माग काढून पाहिला. पडद्यावर एक नाव नदीकाठचं आलं, एक टेकडीचं. तो अजून हेच सांगतोय. पण चौकशीवाल्यांनी दुपारी एकला वही उघडली, तर दोन्ही नावं नदीकाठची. दुसऱ्यापुढे तारीख शुक्रवारची. म्हणजे माझा नवरा खोटारडा. न बघताच बंद केलं आणि वर नावांवर ढकलतोय.”

भावजींना नाव कुठलं आणि वही कुठली याचा पत्ता लागला नव्हता. त्यांनी ताईंकडे पाहिलं.

“भावजी, राउटरला तारा जोडायच्या जागा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टला आकड्यांचा पत्ता. पण आकडे कुणाच्या ध्यानात राहतात? म्हणून एका वहीत पत्त्यापुढे नाव लिहितात. इमारत, राउटर, कार्ड, पोर्ट. वही संगणकातलीच, डीएनएस म्हणतात तिला. माग काढला की निरोप ज्या ज्या राउटरमधून जातो त्यांची नावं एकाखाली एक दिसतात. पण ती येतात वहीतून, राउटर काही आपलं नाव सांगत नाही.”

“म्हणजे भाडेकरू बदलला आणि दारावरची पाटी जुनीच राहिली, तर?”

“तर पोस्टमन पाटीवर विश्वास ठेवणार.”

“हे मात्र कळलं,” भावजी म्हणाले.

निघताना ती घुटमळली. “घरी सासरे आहेत. आप्पा. ही नावांची पद्धत त्यांनीच बसवली, त्या कंपनीतूनच निवृत्त झाले नऊ वर्षांपूर्वी. छातीचं दुखणं आहे त्यांना. राउटर बंद पडला म्हणून चौकशी चालू आहे, एवढंच मी सांगितलंय. वहीचं, नावांचं, खोटेपणाचं अक्षर त्यांच्या कानावर जाऊ दिलेलं नाही. पेपरसुद्धा लपवते. त्या मंगळवारी अकराच्या सुमारास पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, तेव्हा घरी एक फोन करू दिला होता. मी दुकानात, आप्पांनीच उचलला. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, धीर दिला. तेव्हा तुम्हीही हा विषय काढू नका.”

ताईंनी शब्द दिला.

आप्पा खिडकीशी बसले होते. अंगानं वाळलेले, पण दाढी गुळगुळीत आणि शर्टाला इस्त्री. कोपऱ्यात जुना संगणक होता, त्यावर घडी घातलेला टॉवेल. ताईंनी फक्त जुन्या दिवसांचं विचारलं आणि म्हातारा असा खुलला की भावजींना आपल्या खात्यातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

“मी सोडलं तेव्हा एकशे चाळीस राउटर होते. कुठलंही नाव घ्या, जिना कुठला आणि कपाट कितवं ते सांगायचो. फुलांची नावं देणारे पाहिलेत मी, देवांची देणारे पाहिलेत. गुलाब बिघडला म्हटल्यावर धावायचं कुठे? नाव वाचून माणसाला थेट त्या भोकावर बोट ठेवता आलं पाहिजे.”

“आमच्याकडे अर्धवट पत्त्याची पाकिटं यायची,” भावजी म्हणाले. “जीव जायचा अगदी.”

“मग तुम्हाला सांगायलाच नको. नाव बदललं की पुढे तारीख टाकायची. राउटर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातूनच तार हलणार, आणि नावही त्यानंच बदलायचं. आणि ‘तात्पुरतं’ हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही. मी लागलो तेव्हा एका पोर्टापुढे ‘तात्पुरतं’ लिहिलेलं होतं. अकरा वर्षं तसंच होतं ते!”

दोघंही हसले. सूनबाई स्वयंपाकघरात कपबश्या धूत होती.

“मुलाची काळजी वाटत असेल,” ताई हळूच म्हणाल्या.

“वाटणारच. पण सुटेल तो. वहीत दोन्ही नावं चोख आहेत, तारखेसकट. लिहिलेलं बरोबर असलं की माणसाला कोण काय करणार?”

जिना उतरताना भावजी म्हणाले, “त्या घरात एक तरी माणूस आशेवर आहे, बरं वाटलं.” फाटकापाशी थांबून ताईंनी चष्मा पुसला आणि त्या रिक्षा शोधू लागल्या.

कंपनीत पहिल्या भेटल्या त्या नोंदणीच्या बाई. यंत्रांच्या खोलीतल्या गारव्यानं त्या भर दुपारी स्वेटर घालून बसल्या होत्या.

“शुक्रवारी हे दुसरं नाव तुम्ही बदललंत?”

“बदललं असणार. आठवड्याला तीस बदल करते मी, एकेक कुठला आठवणार? वहीत आहे म्हणजे मीच केलं असणार.”

“तार हलवल्याची चिठ्ठी तुमच्याकडे यायला हवी ना?”

“हवी.” बाई नखं न्याहाळू लागल्या. “सापडत नाही ती.”

“तात्पुरत्या जोडणीचं नाव कसं लिहिता?”

“शेवटी ‘तात्पुरतं’ जोडते. सध्याचे मोठे साहेब आल्यापासून नियमच आहे तसा.”

ताईंनी चौकशीचा छापील कागद पुढे सरकवला. दोन्ही नावं नदीकाठची, शुक्रवारची तारीख, आणि बस्स. बाईंनी वाचलं आणि कागद परत दिला. “घाईत राहिलं असेल.”

“वहीच्या डोक्यावर हा आकडा कसला?”

“तो प्रतीसाठी. वहीची एक प्रत कॉलेजात असते. इथे आग लागली तर नावं राहावीत म्हणून, सात वर्षं झाली. ती प्रत दर तासाला नुसता हा आकडा बघते. वाढलेला दिसला की अख्खी वही उतरवून घेते, नाही तर ढुंकूनही बघत नाही. म्हणून बदल केला की आकडा वाढवायचा. माझा हात आपोआप जातो तिकडे. घरी वाण्याच्या यादीवरसुद्धा आकडा टाकते, पोरी हसतात मला.”

“शेवटचा कधी वाढवलात?”

“त्या सोमवारी संध्याकाळी. एका शाळेची नवी जोडणी होती. मंगळवारपासून वहीला हात लावायचा नाही असा हुकूम आहे.”

“वहीचा पासवर्ड कुणाकुणाकडे?”

“एकच आहे, पहिल्या दिवसापासूनचा. मला माहीत, आणि आता कोठडीत आहे त्याला माहीत होता. साहेबांना नाही. ते दुसऱ्या खात्यातून आले, वही उघडायची झाली की मला हाक मारतात.”

“कुणी कुठून उघडली याची नोंद राहते?”

“पंधरा दिवस. मग पुसली जाते.” पाच आठवडे होऊन गेले होते.

तारा ओढणारा माणूस शिडीवरूनच बोलला. त्याला सगळे तारवाला म्हणत. “शुक्रवारी साहेबांचा फोन आला. टेकडीचं कार्ड जळलंय, जोडणी नदीकाठी घे, चिठ्ठी मागाहून देतो. मी घेतली.”

“चिठ्ठी आली?”

“नाही.”

“मग नावं बदलायला बाईंना कोण सांगणार होतं?”

“ते मी कसं सांगू? बाईंना चिठ्ठी लागते, चिठ्ठी साहेबांकडे.” तो दोन पायऱ्या खाली आला. “ताई, तुम्हाला सांगितलं ते सांगितलं. कोर्टात मी नाही बोलणार. घरात खाणारी सहा तोंडं आहेत माझ्या.”

मोठे साहेब मृदू बोलणारे होते. त्यांनी दोघांना गळ्यात घालायच्या पाहुण्यांच्या पट्ट्यांबद्दल दिलगिरीसुद्धा व्यक्त केली.

“वहीत शुक्रवारची तारीख आहे,” ते म्हणाले. “यापुढे मी काय बोलणार?”

“ती तारीख पाहून तुम्हाला आश्चर्य वाटलं का?”

साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “आश्चर्य कशाला? समाधान वाटलं.”

“वहीला हात न लावण्याचा हुकूम कधी उठणार?”

“चौकशी संपलीय. मी म्हणेन तेव्हा उठेल. पण घाई काय आहे?”

मंगळवारी सकाळी दोघं कॉलेजात गेले. यंत्रं तळघरात होती. दाराशी पेटी होती, मोबाइल तिच्यात टाकल्याशिवाय आत सोडत नसत. आतला माणूस जांभया देत होता. त्यानं प्रत उघडून दिली आणि खुर्ची फिरवून आपलं दुसरं काम करू लागला.

ताईंचं बोट पडद्यावरून खाली सरकत गेलं. डोक्यावरचा आकडा मूळ वहीतलाच. सोमवारची शाळा होती. अ‍ॅम्ब्युलन्सची पहिली जोडणी: नदीकाठ, राउटर एक, कार्ड दोन, पोर्ट पाच. दुसरी जोडणी: टेकडी, राउटर एक, कार्ड तीन, पोर्ट दोन.

“अहो, हे तर टेकडीचंच आहे!” भावजी म्हणाले.

“हळू.” ताईंनी आपल्या टिपणवहीतला कागद फाडून ते जसंच्या तसं उतरवलं. मग त्या माणसाला म्हणाल्या, “हे छापून शिक्का मारून मिळेल?”

“प्राचार्यांची सही लागते. ते उद्या येतील.”

“तुम्ही पाहिलंत ना काय लिहिलंय ते?”

“मी फक्त यंत्र चालू ठेवतो, बाई. यातलं मला काही कळत नाही, आणि कोर्टाबिर्टाचं असेल तर कळून घ्यायचंही नाही.”

बाहेर आल्यावर लक्षात आलं की कालच्या पाहुण्यांच्या पट्ट्या अजून भावजींच्या पिशवीतच आहेत. “मी देऊन येतो,” भावजी म्हणाले. ताईंना वकिलांकडे जायचं होतं. त्या गेल्या.

पट्ट्या दारावर देऊन निघायचं, एवढंच काम. पण मोठे साहेब नेमके बाहेर उभे होते. त्यांनी भावजींना आत नेलं, चहा मागवला आणि विचारलं, तुम्ही आधी काय करत होता? बायको गेल्यापासून दोन वर्षांत हा प्रश्न भावजींना कुणी विचारला नव्हता. ते बोलत सुटले. खणांचं सांगितलं, अर्धवट पत्त्यांचं सांगितलं, पाट्यांचं सांगितलं. आणि पाट्यांवरून आठवलं म्हणून, अगदी सहज, म्हणाले, “तुमची जुनी पाटी तर अजून कॉलेजात लटकतेय की!”

“अस्सं?” साहेब म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

बुधवारी सकाळी प्राचार्यांनी सही दिली. दोघं तळघरात उतरले. त्या माणसानं प्रत उघडली.

दोन्ही नावं नदीकाठची होती.

ताईंनी वर पाहिलं. डोक्यावरचा आकडा वाढला होता. मंगळवारी संध्याकाळी हुकूम उठला होता आणि जिन्याजवळच्या कुठल्याशा राउटरच्या नावात एक फालतू बदल झाला होता. तासाभरात प्रतीनं नवी वही उतरवून घेतली आणि जुनी पुसून टाकली. बाईंनी नेहमीसारखा आकडा वाढवला होता. त्यांची काही चूक नव्हती.

भावजींनी पिशवी खाली ठेवली. “ताई,” ते म्हणाले, “काल साहेबांनी चहा दिला मला.”

ताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी रागवावं, चारचौघांत वाट्टेल ते बोलावं, असं भावजींना फार वाटत होतं. “मीच तुम्हाला बजावायला हवं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. भावजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी ते सूनबाईच्या घरी गेले. आप्पा आतल्या खोलीत पडले होते. ताईंनी दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरातच बसल्या.

“तुझा नवरा खरं बोलतोय,” त्या म्हणाल्या. “काल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आज ते उरलेलं नाही. पण आधी सगळं ऐकून घे.”

सूनबाई ओट्याला टेकून उभी राहिली.

“कॉलेजातली प्रत फक्त आकडा वाढला की बदलते. तिच्यात सोमवारची शाळा होती, म्हणजे सोमवारी संध्याकाळी वही होती तशी तिथे उतरली. आणि त्या वहीत दुसरं नाव टेकडीचं होतं. शुक्रवारी नाव बदललं असतं, तर सोमवारच्या फेरीत ते प्रतीत आलंच असतं. आलं नाही. तेव्हा बदल झाला सोमवारनंतर, आणि मंगळवारी दुपारी एकच्या आत. तुझ्या नवऱ्यानं माग काढला तेव्हा नाव टेकडीचंच होतं, कारण जुन्या नावाला कुणी हात लावायचं कारणच नव्हतं. दोन्ही जोडण्या पडल्यावर कुणीतरी वही उघडली, नाव दुरुस्त केलं आणि पुढे शुक्रवारची तारीख घातली.”

“साहेबांनी! चिठ्ठी दिली नव्हती त्यांनी. झाकायला केलं.”

“झाकलं गेलं खरं. बाईंचीही सुटका झाली, कारण नाव जुनं राहिल्याचा ठपका आधी त्यांच्यावर आला असता. म्हणून दोघंही त्या तारखेला चिकटून बसलेत. पण साहेबांकडे पासवर्ड नाही, बाईंना हाक मारल्याशिवाय त्यांना वही उघडत नाही. तारवाल्यानं तर वही जन्मात पाहिलेली नाही.”

“मग बाई.”

“बाईंनी केलं असतं तर आकडा वाढवला असता. वाण्याच्या यादीवर आकडा घालणारी बाई ती. आणि नावाच्या शेवटी ‘तात्पुरतं’ लिहिलं असतं, तो नियमच आहे. ज्यानं लिहिलं त्यानं दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. नाव मात्र पद्धतशीर लिहिलं, एका काडीची चूक नाही, आणि पुढे तारीख टाकायलाही विसरला नाही.” ताई थांबल्या. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं, ते भावजींना दिसलं. “पद्धत तोंडपाठ असलेला माणूस. पहिल्या दिवसापासूनचा पासवर्ड माहीत असलेला. ‘तात्पुरतं’ हा शब्द न चालणारा. आणि प्रत ठेवतात हे ठाऊक नसलेला, कारण प्रत सुरू झाली सात वर्षांपूर्वी आणि तो निवृत्त झाला नऊ वर्षांपूर्वी.”

सूनबाईनं बंद दाराकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. “त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. मी सांगितलंच नाही!”

“तू नाही सांगितलंस. पण परवा ते मला म्हणाले, वहीत दोन्ही नावं चोख आहेत, तारखेसकट. त्या दिवशीचा फोन त्यांनीच उचलला होता. तुझ्या नवऱ्यानं घाईघाईत सांगितलं असणार, शुक्रवारी जोडणी हलली, नाव जुनंच राहिलं. प्रशिक्षणाचं आप्पांना माहीत नव्हतं. त्यांच्या नियमाप्रमाणे राउटर ज्याच्या ताब्यात, तार त्याच्याच हातून हलणार आणि नावही त्यानंच बदलायचं. त्यांना वाटलं, पोरगा विसरला.”

“म्हणून...”

“म्हणून त्याची चूक त्यांनी दुरुस्त केली. त्याची चूक नव्हतीच. आणि ते जुनं नाव, तेवढा एकच पुरावा होता त्याच्याकडे.”

सूनबाई रडली नाही. ओल्या फडक्यानं ती कोरडा ओटा पुसत राहिली. कोपऱ्यातल्या स्टुलावर भावजी अंग चोरून बसले होते. म्हाताऱ्यानं पुरावा खोडला आणि मी उरलेला घालवला, दोघांनीही चांगल्या मनानं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःच्या चांगल्या मनाचीच चीड आली.

दार उघडलं. आप्पा चौकटीला धरून उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक.

“प्रत आहे?” त्यांनी विचारलं. “कॉलेजात?”

“हो आप्पा.”

“चांगली कल्पना आहे. मी कितीदा लिहून दिलं होतं, प्रत ठेवा म्हणून.” त्यांचं बोट चौकटीवर हललं, आकडा लिहावा तसं. “मग आकडा वाढवायला हवा होता. आमच्या वेळी तो नुसताच असायचा.”

मग ते सूनबाईकडे वळले.

“तो प्रशिक्षणाला होता?”

“तीन दिवस,” सूनबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

“म्हणजे तार त्यानं हलवली नाही. आणि नाव बघूनच त्यानं बंद केलं. माझ्या पद्धतीनं.” आप्पांचा हात चौकटीवरून घसरला. भावजींनी उठून त्यांना धरलं. त्या हातात काही वजनच नव्हतं. “मला वाटलं विसरला. लहानपणापासून विसरायचा तो. मी त्याला काही विचारलंसुद्धा नाही हो.”

ताईंनी विचारलं, “तुमच्या संगणकात काही खूण राहिली असेल?”

“नाही. काम झालं की मागचं पुसायचं. तोही माझाच नियम.” मग ते एकदम ताठ झाले. “पण मी आहे ना. मी सांगतो उद्या कोर्टात. वेळ सांगतो, काय टाइप केलं ते सांगतो. माझं त्यांना काय करायचं ते करू देत. सूनबाई, वकिलांना फोन लाव.”

सूनबाईनं फोन लावला. ताईंनी तिच्याकडून घेऊन सगळं थोडक्यात सांगितलं. मग फोन परत तिच्या हातात दिला, कारण वकिलांना घरच्या माणसाशी बोलायचं होतं. खोली एवढी शांत होती की पलीकडचा आवाज भावजींनाही ऐकू येत होता. फोनमधला तो बारीक आवाज आप्पांच्या कानांना पकडता येत नव्हता. ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

“हातानं लिहिलेल्या कागदाला कोण विचारतं?” वकील म्हणत होते. “तारवाला येणार नाही. बाई आणि साहेब छापील वही दाखवतील. आणि तुमचे सासरे. मी त्यांना उभं करतो, नाही कशाला म्हणू? पण न्यायाधीश पहिल्या वाक्याला लिहितील, हा बाप आहे, मुलासाठी वाटेल ते सांगेल. हाती पुरावा काहीच नाही. घरचं आणि तुम्हीच नेमलेलं सोडून दुसरं कुणी आहे का सांगणारं?”

“नाही,” सूनबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

“काय म्हणाले?” आप्पांनी विचारलं.

त्या दुपारी पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो कुठे टाकावा हे तिला कळत नव्हतं.

“तुम्ही त्याचे वडील आहात म्हणाले.”

“हो, मग? आहेच ना,” आप्पा म्हणाले, आणि उद्यासाठी धुतलेला शर्ट शोधायला आत गेले.